अनावश्यकाचा हिशेब

परीक्षेसाठी किंवा पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचे आयुष्य बहुधा अल्प असते. लिहिणारास तो वर्षभर पुरतो, तपासणारास चार दिवस. आणि पुढे ग्रंथालयाच्या ज्या कपाटात त्याची स्थापना होते त्या कपाटाची धूळ झाडणाऱ्यापलीकडे त्याची विचारपूस करणारा कोणी राहत नाही. यात फारसा अन्याय होतो असेही नाही. कारण बहुतेक प्रबंध परीक्षेकरिताच लिहिलेले असतात व परीक्षा संपली की त्यांचे प्रयोजनही संपते. तथापि केव्हा केव्हा असे घडते की, परीक्षकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देता देता एखादा विद्यार्थी न विचारलेल्या प्रश्नास हात घालतो, आणि मग कपाटातल्या त्या बाडाची हकीकत शास्त्राच्या इतिहासात सांगावी लागते.

असे दोन प्रबंध आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. पहिला १८४० साली प्रशियातील स्टेटिन या बंदराच्या गावी एका शाळामास्तराने लिहिला. त्याचा विषय समुद्राची भरती-ओहोटी. दुसरा १९८८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत एका तरुण एंजिनियराने व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीसाठी लिहिला. त्याचा विषय मोटारी जुळविण्याचे कारखाने. पहिल्यात ज्यास आज रेषीय बीजगणित म्हणतात त्या शास्त्राचे बीज आहे. दुसऱ्याच्या लेखकाने साऱ्या जगातील कारखानदारांच्या तोंडी बसलेला 'लीन' हा शब्द प्रचारात आणला. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणीही विचारील. दोन्ही लेखकांचा काडीचाही संबंध नाही हे खरे. परंतु दोघांच्या विचाराच्या बुडाशी एकच प्रश्न आहे: एखाद्या व्यवस्थेत पुरेसे किती, आणि जास्त काय? हा प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही.

हेर्मान ग्रासमान याचा जन्म १८०९ सालचा. बाप स्टेटिन येथील विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. मुलगा बर्लिनच्या विद्यापीठात गेला तो धर्मशास्त्र व भाषाशास्त्र शिकावयास. गणिताचे एकही व्याख्यान त्याने तेथे ऐकले नाही. गणित तो शिकला ते घरी, बापाच्या पुस्तकांतून आणि स्वतःच्या विचाराने. पुढे मास्तरकी पत्करल्यावर वरच्या वर्गांस गणित शिकविण्याचा अधिकार मिळावा म्हणून त्याने परीक्षा दिली आणि तीसाठी भरती-ओहोटीच्या उपपत्तीवर सुमारे दोनशे पानांचा निबंध लिहून बर्लिनच्या परीक्षामंडळाकडे पाठविला. लाग्रांझ व लाप्लास या दोन फ्रेंच पंडितांनी या विषयाचे गणित पूर्वीच मांडलेले होते. पण ते वाचताना ग्रासमानच्या लक्षात आले की, आपण मनाशी जुळवून ठेवलेली एक युक्ती येथे चालविली तर त्यांची पानेच्या पाने दोन ओळींत मावतात.

ती युक्ती सांगावयास सोपी आहे. पुण्याहून नगरास जावे, नगराहून नाशकास जावे. अथवा पुण्याहून थेट नाशकास जावे. पायपीट निराळी झाली, पण स्थलांतर एकच झाले. म्हणजे पहिल्या दोन स्थलांतरांची 'बेरीज' तिसरे होय, मग ती तीन गावे एका रेषेत असोत वा नसोत. संख्यांची बेरीज असते तशी दिशायुक्त रेषांचीही बेरीज असू शकते, त्यांचा गुणाकारही मांडता येतो, व हे सर्व करताना प्रत्येक वेळी आकृती मोडून लांबी-रुंदी-उंचीच्या तीन तीन समीकरणांत जाण्याचे कारण नाही, हे त्याने त्या निबंधात दाखविले. आज महाविद्यालयातील पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सदिशांचे जे गणित घोकतो ते त्यात आहे. परीक्षकाने निबंध काही दिवसांतच परत केला. त्यातील नव्या गणिताविषयी अवाक्षर काढले नाही. ग्रासमान उत्तीर्ण झाला, व निबंध त्याच्या कागदांत पडून राहिला. तो छापला गेला १९११ साली, त्याच्या समग्र ग्रंथांत. तेव्हा ग्रासमानला जाऊन ३४ वर्षे झाली होती.

परीक्षकास दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. भरती-ओहोटीविषयी विचारले असता विद्यार्थी नवे बीजगणितच घेऊन उभा राहिला, तर चार दिवसांत त्याचे मोल ओळखणारा परीक्षक कोठे असतो? ओळखावयास पाहिजे होते ते पुढच्यांनी, आणि त्यांसही ते साधले नाही. १८४४ साली ग्रासमानने आपला विचार विस्ताराने मांडून 'विस्तारशास्त्र' असे ज्याचे नाव मराठीत देता येईल तो ग्रंथ लाइपझिग येथे प्रसिद्ध केला. लांबी, क्षेत्र व घनफळ या तीनच मितींवर न थांबता कितीही मितींच्या अवकाशाचे शास्त्र त्यात होते. भाषा मात्र तत्त्वज्ञाची. गणिती वाचकास पहिली पाने ओलांडणेच कठीण. गाउसने आपण अशा वाटेने पूर्वीच गेलो होतो या अर्थाचे उत्तर धाडले. मोबियसने परीक्षण लिहिण्याचे नाकारले. त्याच मोबियसच्या सांगण्यावरून ग्रासमानने एका विद्वत्सभेच्या बक्षिसासाठी निबंध पाठविला व १८४६ साली ते बक्षीस त्यास मिळाले. पण स्पर्धेत निबंध आला होता तो एकच! १८४७ साली त्याने विद्यापीठातील जागेसाठी सरकारकडे अर्ज केला, तेव्हा कुमर नामक मोठ्या गणितज्ञाचा अभिप्राय मागविण्यात आला. मजकूर चांगला आहे पण मांडणी सदोष आहे, असा त्याचा आशय होता. अर्ज तेथेच संपला. १८६२ साली ग्रासमानने तोच ग्रंथ गणित्यांस रुचेल अशा रीतीने पुन्हा लिहिला. त्याचेही स्वागत पहिल्यासारखेच झाले.

येथे त्याच्या शास्त्रातील ज्या एका कल्पनेशी आम्हांस कर्तव्य आहे ती सांगितली पाहिजे. समजा, मोकळ्या माळावर एक मनुष्य उभा आहे, व त्यास फक्त पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे, पुढे किंवा मागे, हवी तितकी पावले टाकण्याची मुभा आहे. एवढ्याने तो माळावरील कोणत्याही जागी पोहोचू शकतो. आता त्यास ईशान्येकडे जाण्याचीही परवानगी दिली, तर त्याची गती वाढली काय? नाही. पूर्वी जेथे जाता येत नव्हते अशी एकही नवी जागा त्यास लाभली नाही. ईशान्य दिशा येथे अनावश्यक आहे. तिच्यावाचून अडत नाही. ज्या संचात असे अनावश्यक काहीच नाही आणि तरीही ज्याने सारे क्षेत्र व्यापले जाते, त्यास गणिती 'आधार' असे म्हणतात. आधार कसाही निवडा, त्यातील दिशांची संख्या बदलत नाही. माळाला दोनच लागतात, एक कमी नाही व एक जास्त नाही. हा सिद्धान्त १८६२ च्या ग्रंथात स्पष्टपणे सिद्ध केलेला आहे. पुढे पाठ्यपुस्तकांनी तो ज्याने १९१३ साली प्रसिद्ध केला त्या स्टाइनिट्स याच्या नावावर चढविला, ही आणखी एक गंमत.

परंतु त्या माळावरच्या मनुष्याकडे पुन्हा एकदा पाहावे. पूर्व, उत्तर व ईशान्य या तिन्ही वाटा ज्यास मोकळ्या आहेत त्याची कोणतीही एक वाट बंद झाली तरी उरलेल्या दोहोंनी त्याचे काम भागते. ज्यापाशी मुळात दोनच आहेत त्याची एक बंद झाली की तो एका रेषेवर जखडला गेला. 'अनावश्यक' या शब्दाचे हे दोन अर्थ ग्रासमानच्या गणितात एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसलेले आहेत: जे काढून टाकले तरी चालते, आणि जे असल्यामुळे दुसरे काही गेले तरी चालते. हे ध्यानात ठेवून वाचकांनी आमच्याबरोबर पुढे यावे.

तत्पूर्वी ग्रासमानचे काय झाले? गणिताने दाद दिली नाही, तेव्हा हा मास्तर पन्नाशीच्या सुमारास आपल्या जुन्या आवडीकडे, भाषाशास्त्राकडे वळला. 'भू' धातूचे परोक्ष भूतकाळी रूप 'भभूव' न होता 'बभूव' होते, 'धा'चे 'धधामि' न होता 'दधामि' होते, हे आपल्याकडे संस्कृत शिकणाऱ्या मुलासही ठाऊक असते व त्याचा नियम पाणिनीने सांगून ठेविला आहे. तोच प्रकार ग्रीक भाषेतही स्वतंत्रपणे घडतो हे ग्रासमानने १८६३ साली दाखविले. त्या नियमास भाषाशास्त्रात आजही त्याचेच नाव आहे. पुढे त्याने ऋग्वेदाचा कोश रचला. १८७३ ते १८७५ या काळात तो प्रसिद्ध झाला, व त्यामागोमाग संपूर्ण ऋग्वेदाचे जर्मन पद्यमय भाषांतर. आपल्याकडील वेदाभ्यासकांस ग्रासमान हे नाव परिचित आहे ते या कोशामुळे; आणि हाच तो गणितातला ग्रासमान हे कित्येकांस सांगितल्यावाचून खरे वाटत नाही. ट्युबिंगेन विद्यापीठाने १८७६ साली त्यास सन्माननीय डॉक्टरची पदवी दिली ती कोशकार म्हणून. पुढच्याच वर्षी तो वारला. गणितज्ञांस त्याची खरी ओळख होऊ लागली ती त्याच्या अखेरच्या वर्षांत व मरणानंतर. इटालीतील पेआनो याने १८८८ साली त्याच्याच ग्रंथाच्या आधाराने रेषीय अवकाशाची व्याख्या घालून दिली, तेव्हा कोठे त्या बीजास रोपाचे रूप आले.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. १८४४ च्या ग्रंथाच्या प्रती खपेनात, म्हणून प्रकाशकाने १८६४ साली सुमारे ६०० प्रती रद्दीत काढल्या. उरल्यासुरल्या काही विकल्या गेल्या, व शेवटी प्रकाशकाच्या स्वतःच्या संग्रहात एक प्रत राहिली. वीस वर्षे पडून असलेला, जागा अडविणारा, कोणी न मागितलेला माल कोठारातून हलविणे यात व्यापाराच्या दृष्टीने गैर काय? काहीच नाही. आज कोणत्याही कारखान्यातील व्यवस्थापकाने तेच केले असते.

कारखान्याचा विषय निघालाच आहे, तर आता जपानकडे वळू. साकिची तोयोदा या कल्पक कारागिराने एक माग बनविला होता. धागा तुटला की तो आपोआप थांबे. खराब कापड विणीत राहण्यापेक्षा माग थांबलेला बरा, हे त्यातले तत्त्व. त्याचा मुलगा किइचिरो याने मोटारींचा धंदा काढला, आणि लागेल ती वस्तू, लागेल तेव्हा, लागेल तितकीच, हा नियम त्याने आरंभापासून मनात धरला. युद्धानंतर तैईची ओनो यांनी या दोन तत्त्वांवर टोयोटाची सारी उत्पादनपद्धती उभारली. अमेरिकेतील सुपरमार्केटात गिऱ्हाईक माल उचलते व जितका उचलला तितकाच मागून भरला जातो, त्याप्रमाणे पुढच्या कामगाराने मागच्या कामगाराकडून भाग उचलावे व जितके उचलले तितकेच त्याने नवे करावे. निरोप एका चिठ्ठीने द्यावा, तिचे नाव कानबान. वाजवीपेक्षा अधिक उत्पादन, वाट पाहणे, वाहतूक, फाजील प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल हे अपव्ययाचे सात प्रकार ओनो यांनी सांगितले, व त्या सर्वांचा निर्मूल नाश हे ध्येय ठेविले. यांतील पहिला प्रकार त्यांस सर्वांत घातक वाटे. कारण गरजेपेक्षा जास्त केलेला माल बाकीच्या दोषांवर पांघरूण घालतो. नदीला पूर असताना खडक दिसत नाहीत. पाणी ओसरले की दिसू लागतात. साठा कमी करावयाचा तो पैसा वाचविण्यासाठी नव्हे तर खडक दिसावेत म्हणून, हे त्या पद्धतीचे मर्म होय.

आणि खडक दिसल्यावर तो फोडावयाचा कोणी? कामगाराने. दोष दिसताच दोरी ओढून सारी रांग थांबविण्याचा अधिकार टोयोटात साध्या कामगारास असतो. जेथे साठा नाही तेथे एक जण थांबला की सारे थांबतात. म्हणून तेथे प्रत्येक जण शहाणा, शिकलेला व मनापासून काम करणारा असल्याखेरीज गाडा चालणेच शक्य नाही. १९५० साली टोयोटा बुडण्याच्या बेतात असताना सुमारे चतुर्थांश कामगारांस काढावे लागले, मोठा संप झाला, व किइचिरोने अध्यक्षपद सोडले. त्यानंतर उरलेल्या कामगारांस नोकरीची शाश्वती मिळाली. ओनो यांची पद्धत फोफावली ती या शाश्वतीच्या भूमीत, हे इतिहास सांगताना पुष्कळदा गाळले जाते.

आता आमचा दुसरा विद्यार्थी. जॉन क्राफचिक यांनी स्टॅनफर्ड येथे यंत्रविद्येचे शिक्षण घेऊन कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे नोकरी धरली. तेथील जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद पडला होता. कामगार गैरहजेरी व तंटे यांबद्दल तो कुप्रसिद्ध होता. १९८४ साली टोयोटा व जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच पुन्हा सुरू केला, बहुतांशी त्याच कामगारांस घेऊन व त्याच कामगारसंघाशी करार करून. पद्धत मात्र टोयोटाची. थोड्याच काळात तेथील मोटारी जपानी मोटारींच्या तोडीच्या निघू लागल्या. हा चमत्कार आतून पाहिलेला हा तरुण १९८६ साली मॅसॅच्युसेट्सला शिकावयास आला, आणि तेथे मोटारधंद्याच्या भवितव्याविषयी पाच वर्षांचे व पन्नास लक्ष डॉलरांचे जे संशोधन चालले होते त्यात सामील झाला.

क्राफचिक यांच्या प्रबंधाचा विषय जगातील मोटार-जुळणीच्या कारखान्यांची तुलना हा होता. तुलना म्हटली म्हणजे सोपी वाटते. पण एका कारखान्यात मोठी गाडी बनते, दुसऱ्यात लहान. एक आसने स्वतः शिवतो, दुसरा बाहेरून घेतो. हे भेद वजा करून समान कामाचे तास काढण्याची रीत त्यांस बसवावी लागली. असे आकडे एकमेकांशी तोलून कोणत्या कारणाचा परिणाम किती हे ठरविण्याचे जे संख्याशास्त्र, त्याचा सांगाडा रेषीय बीजगणिताचाच असतो. स्टेटिनच्या मास्तराचा हात येथवर न बोलता पोहोचलेला आहे.

निष्कर्ष डोळे उघडणारे होते. १९८६ च्या मापनात जनरल मोटर्सच्या फ्रॅमिंगहॅम येथील कारखान्यात एका गाडीच्या जुळणीस ३१ तास लागत, टोयोटाच्या ताकाओका येथे १६, फ्रीमाँटला १९. सुट्या भागांचा साठा फ्रॅमिंगहॅमला सरासरी दोन आठवड्यांचा, फ्रीमाँटला दोन दिवसांचा, ताकाओकाला दोन तासांचा! दर शंभर गाड्यांमागे दोषांची संख्या फ्रीमाँट व ताकाओका येथे सारखीच, ४५. फ्रॅमिंगहॅम येथे तिच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे जलद काम व चांगले काम यांत वैर आहे ही समजूत खोटी ठरली. जपानी माणसाखेरीज हे साधणार नाही, ही दुसरी समजूतही खोटी ठरली. आणि महागड्या यंत्रमानवांनीच हे साधते, ही तिसरीही फारशी टिकली नाही.

या पद्धतीस नाव काय द्यावे? त्याच संस्थेत थोड्याच काळापूर्वी हारुओ शिमादा हे जपानी अर्थशास्त्रज्ञ व डॉक्टरेटचा अभ्यास करणारे जॉन पॉल मॅकडफी यांनी एका निबंधात एक शब्दांची जोडी वापरली होती. साठ्यांच्या व राखीव माणसांच्या आधाराने चालणारा जुना अमेरिकन कारखाना 'दणकट', आणि साठा नसलेला जपानी कारखाना 'नाजूक'. नाजूक अशासाठी की, माणसाच्या कौशल्यावर, लक्ष देण्यावर आणि राजीखुशीवर तो अवलंबून आहे. ती ढळली की तो कोलमडतो. हा शब्द निंदेचा नव्हता. उलट, याच नाजूकपणामुळे मालकास कामगाराची पर्वा करावी लागते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. क्राफचिक यांनी १९८८ साली स्लोन मॅनेजमेंट रिव्ह्यू या त्रैमासिकात लेख लिहिताना ही जोडी बदलली. 'दणकट'च्या जागी त्यांनी 'राखीव साठ्याची' या अर्थाचा शब्द घातला आणि 'नाजूक'च्या जागी 'लीन'. कारण 'नाजूक' म्हटले की कमीपणा वाटतो. लेखाच्या मथळ्यातच त्यांनी लीन पद्धतीचा विजय जाहीर केला. १९९० साली वोमॅक, जोन्स व रूस यांनी त्या सर्व संशोधनावर ग्रंथ लिहिला व त्यात हाच शब्द पत्करला. तो ग्रंथ जगभर गेला, त्याबरोबर शब्दही गेला. चाकणच्या व नाशिकच्या कारखान्यांत तो मराठी कामगारांच्या बोलण्यात आला. आमच्या भाषेत 'लीन' म्हणजे नम्र; तो अर्थ त्या इंग्रजी शब्दात नाही. तेथे त्याचा अर्थ चरबी झडलेला, सडपातळ. परंतु नम्रतेचा अर्थ त्यात असता तर बरे झाले असते, असे आम्हांस वाटल्याखेरीज राहत नाही.

कारण नाव बदलले म्हणजे नुसते नाव बदलत नाही. 'नाजूक' हा शब्द ऐकणारास विचारावेसे वाटते, मग हे जपावे कसे? 'सडपातळ' हा शब्द ऐकणारास विचारावेसे वाटते, अजून काय कापता येईल? ज्या पद्धतीचे मर्म खडक दिसावेत म्हणून पाणी उतरविणे हे होते, तिच्या नावाखाली कित्येक ठिकाणी पाणी तेवढे उतरविले गेले व खडक फोडणारी माणसेही त्या पाण्याबरोबर वाहवली. याचा दोष क्राफचिक यांच्यावर ठेवणे अन्यायाचे होईल. १९८७-८८ च्या सुमारास फ्रीमाँटच्या गाड्यांची मागणी घटली तेव्हा तेथील कामगारांस घरी न पाठविता शिक्षण व सुधारणेच्या कामास लावण्यात आले होते, व नोकरीची ती हमी मूळ पद्धतीचाच भाग होती. पण एका शब्दात एवढे सारे मावत नाही, आणि जग वाचते ते बहुधा मथळाच.

टाकून दिलेल्या शब्दाने मात्र आपला पाठपुरावा सोडला नाही. १ फेब्रुवारी १९९७ रोजी पहाटे कारिया येथील आयसिन कंपनीच्या कारखान्यास आग लागली. ब्रेकमधील एक लहानशी झडप तेथे बनत असे. किंमत अगदी क्षुल्लक, पण टोयोटास लागणाऱ्या बहुतेक साऱ्या झडपा या एकाच ठिकाणाहून येत. साठा तो काय असणार? चार दिवसांच्या आत टोयोटाचे जपानमधील बहुतेक कारखाने बंद पडले. माळावरील मनुष्याची दोहोंपैकी एक दिशा गेली होती. आणि मग जे घडले ते शिमादा व मॅकडफी यांस आश्चर्याचे वाटले नसते: पुरवठादारांनी, त्यांच्या पुरवठादारांनी, फार काय शिवणयंत्रे बनविणाऱ्या एका कंपनीनेही, आपापल्या यंत्रांवर ती झडप घडविण्याचा उद्योग सुरू केला, आणि आठवड्याभरात गाड्या पुन्हा धावू लागल्या. कोठारात राखीव नव्हते ते माणसांत होते. वर्षानुवर्षे जोडलेले संबंध, दुसऱ्याचे काम समजण्याइतके शिक्षण, हाकेला ओ देण्याची सवय, यांची नोंद ताळेबंदात कोणत्याही सदराखाली होत नाही; म्हणून ती काटकसरीच्या दिवसांत सर्वांआधी कापली जातात.

गणितास हे पूर्वीच कळून चुकले होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग हे गणकयंत्रावर काम करीत. सुटीच्या दिवशी एखादी क्षुल्लक चूक झाली की यंत्र ते काम सोडून देई व सोमवारी पाहावे तो हाती काही नाही. चूक झाली हे यंत्रास कळते तर ती कोठे झाली हे का कळू नये, असा विचार करून १९५० साली त्यांनी एक रीत प्रसिद्ध केली. संदेशाचे अंक चार असतील तर त्यांस तीन जादा अंक जोडावयाचे. संदेशाच्या दृष्टीने हे तिन्ही निव्वळ फाजील. पण सातांपैकी कोणताही एक अंक वाटेत बिघडला तरी मूळ संदेश जसाच्या तसा परत मिळतो. हे सारे गणित सदिशांचे व आधारांचे, म्हणजे ग्रासमानच्या घरचे. जादा किती ठेवावे, कोठे ठेवावे, म्हणजे कोणती आपत्ती सोसता येईल, हे त्यात नेमके मोजता येते. 'भरपूर साठा' आणि 'शून्य साठा' यांच्या मधली ही जागा आहे, आणि कारखानदारांच्या चर्चेत आम्हांस ती फारच क्वचित आढळते.

फ्रॅमिंगहॅमचा कारखाना १९८९ साली बंद झाला. फ्रीमाँटच्या भागीदारीतून जनरल मोटर्स बाहेर पडली व तो कारखानाही २०१० साली बंद पडला. पुढे ती जागा टेस्ला कंपनीने घेतली. क्राफचिक यांनी मोटारधंद्यात व स्वयंचलित गाड्यांच्या उद्योगात मोठमोठी पदे भूषविली. ११ मार्च २०११ च्या भूकंपाने व त्सुनामीने ईशान्य जपानातील पुरवठादार उद्ध्वस्त झाले, तेव्हा टोयोटास आपले उत्पादन पूर्ववत करण्यास कित्येक महिने लागले. त्यानंतर त्या कंपनीने आपल्या पुरवठादारांच्याही मागे कोण कोण आहे याची पुरी नोंद करविली, आणि ज्यांना पर्याय नाही असे भाग निवडून काढले. २०२१ साली साथीच्या पाठोपाठ जगात चिपांचा दुष्काळ पडून एकामागून एक मोटारकंपन्या कारखाने थांबवू लागल्या. टोयोटासही उत्पादन घटवावे लागले, पण इतरांच्या मानाने उशिरा. जिच्या ताकाओका कारखान्यात १९८६ साली दोन तासांचा साठा होता, त्याच कंपनीने आपल्या पुरवठादारांस दोन ते सहा महिने पुरतील इतक्या चिपा राखून ठेवावयास लावले होते, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले.